चांगले छायाचित्र: आधी उजेड, मग जागा, शेवटी कॅमेरा

छायाचित्रण शिकायला निघालेला माणूस बहुधा कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेपासून सुरुवात करतो. कोणते बटण कशासाठी आहे, मेगापिक्सेल किती असावेत, कोणती लेन्स घ्यावी, या प्रश्नांत त्याचे काही महिने जातात आणि तरीही त्याच्या छायाचित्रांत फारसा फरक पडत नाही, कारण छायाचित्र बिघडते ते बहुतेक वेळा बटण दाबण्यापूर्वीच. उजेड कोठून येतो आहे, आपण कोठे उभे आहोत आणि चौकटीत काय काय शिरले आहे, हे तीन निर्णय डोळ्यांनी घ्यायचे असतात. ते नीट घेतले तर साधा मोबाइलही चांगले काम करतो आणि ते चुकले तर महागडा कॅमेरा ती चूकच अधिक स्पष्टपणे टिपून देतो. पुढील विवेचन म्हणून याच क्रमाने केले आहे. ज्याला यंत्राबद्दलच वाचण्याची घाई असेल त्याने खुशाल उत्तरार्धाकडे जावे, मात्र तेथून पुन्हा येथे यावे.

उजेड पाहायला शिकणे

'फोटोग्राफी' हा शब्द प्रकाश आणि रेखाटन या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून तयार झाला असून जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने १८३९ साली तो प्रचारात आणला. नावातच प्रकाश असला तरी आपण पाहतो ते वस्तूंकडे. त्यांच्यावर पडलेल्या उजेडाकडे मुद्दाम पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते. त्यासाठी एक प्रयोग पुरेसा आहे. दिवसा, थेट ऊन आत येत नसेल अशा वेळी, कोणालातरी खिडकीजवळ, पण मध्ये आपल्याला उभे राहता येईल इतक्या अंतरावर खुर्चीत बसवावे आणि खोलीतील सर्व दिवे बंद करावेत. प्रथम आपण खिडकीला पाठ करून उभे राहावे व समोरच्याचा चेहरा खिडकीकडे ठेवावा. उजेड चेहऱ्यावर समोरून पडतो, सुरकुत्या आणि खळगे पुसट होतात आणि चेहरा स्वच्छ पण काहीसा सपाट दिसतो. मग खुर्ची अशी वळवावी की खिडकी त्या व्यक्तीच्या एका बाजूला येईल. आता नाकाची सावली गालावर उतरते, गालाचे हाड उठून दिसते आणि चेहऱ्याला घडीव गोलाई येते. शेवटी खिडकी त्या व्यक्तीच्या पाठीमागे घ्यावी. केसांच्या कडा उजळून निघतात आणि चेहरा अंधारात जातो. माणूस, खिडकी आणि कॅमेरा तेच राहूनही तीन वेगळी छायाचित्रे मिळतात. माझा सल्ला असा की पहिला आठवडा याच प्रयोगात घालवावा. चेहरा खिडकीच्या दिशेला अर्धवट वळलेला, म्हणजे साधारण ४५ अंशांच्या कोनात असला, तर परिणाम सहसा समाधानकारक येतो.

दिशेनंतर पाहायचा तो उजेडाचा कठोरपणा किंवा मऊपणा. हा गुण दिव्याच्या शक्तीवर नव्हे, तर वस्तूच्या मानाने दिवा किती मोठा दिसतो यावर ठरतो. सूर्य अवाढव्य असला तरी तो इतका दूर आहे की आकाशात त्याची रुंदी जेमतेम अर्धा अंश भरते. त्यामुळे निरभ्र दुपारी सावल्यांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या येतात. ढग आले की संपूर्ण आकाशच दिवा बनते आणि सावल्या विरघळतात. ढगाळ दिवशी फोटो चांगले येत नाहीत ही समजूत म्हणूनच चुकीची आहे; माणसांच्या चेहऱ्यांसाठी तो उत्तम दिवस असतो, फक्त पांढुरके आकाश चौकटीत शक्य तितके कमी घ्यावे. भर दुपारी फोटो काढणे भागच असेल, तर व्यक्तीला झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत आणावे, पण सावलीच्या कडेजवळ उभे करावे आणि तिचा चेहरा उजेडाच्या बाजूला ठेवावा. डोळ्यांच्या खोबणीत साचणारा काळोख एवढ्यानेच नाहीसा होतो. चेहऱ्याची एक बाजू फारच काळवंडत असेल, तर त्या बाजूला चौकटीबाहेर एक मोठा पांढरा पुठ्ठा किंवा चादर धरली की परावर्तित उजेड सावली उचलून धरतो.

दिव्यापासूनचे अंतरही मोलाचे असते. लहान दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले की वस्तूवर पोहोचणारा उजेड एक चतुर्थांश उरतो. मोठ्या खिडकीजवळ ही घट इतकी झपाट्याने होत नाही, तरी खोलीत मागे बसलेल्या माणसापेक्षा खिडकीलगत बसलेल्यावर कितीतरी अधिक उजेड असतो. आपले डोळे हा फरक आपोआप सांभाळून घेतात, कॅमेरा घेत नाही. घरातले फोटो अंधुक येतात अशी तक्रार करणाऱ्याने सेटिंग शोधण्याआधी खुर्ची खिडकीजवळ सरकवून पाहावी.

सकाळी सूर्योदयानंतरचा आणि संध्याकाळी सूर्यास्तापूर्वीचा सुमारे तासभर छायाचित्रकारांना प्रिय असतो, त्याला भौतिक कारण आहे. सूर्य क्षितिजाजवळ असताना प्रकाशाला वातावरणाचा बराच लांब पल्ला ओलांडावा लागतो, त्यात निळा भाग अधिक विखुरला जातो आणि उरलेला प्रकाश पिवळसर-तांबूस होतो. शिवाय तो आडवा येत असल्याने वाळूचा कण, भिंतीचा गिलावा, झाडाची साल अशा प्रत्येक उंचवट्याला स्वतःची सावली मिळते.

उजेडाचा रंग केल्व्हिन या एककात मोजतात. मेणबत्तीचा रंग २,००० केल्व्हिनच्या आसपास, घरातील पिवळ्या बल्बचा सुमारे २,७०० ते ३,०००, दुपारच्या उन्हाचा साधारण ५,५०० आणि निरभ्र आकाशाखालच्या सावलीचा ७,००० च्याही पुढे असतो. आकडा वाढला की प्रकाश निळसर होत जातो, हे प्रथम उलटे वाटते. कॅमेऱ्यातील स्वयंचलित व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे म्हणून केलेली रंगाची दुरुस्ती, हा फरक बऱ्यापैकी सांभाळतो. अडचण येते ती खिडकीचा निळसर आणि बल्बचा पिवळा उजेड एकाच चेहऱ्यावर पडतो तेव्हा, कारण कॅमेरा एका वेळी एकच दुरुस्ती करू शकतो. वरील प्रयोगात दिवे बंद करायला सांगितले ते यासाठीच.

कोठे उभे राहावे

मोबाइलवर दोन बोटे फाकवून दृश्य जवळ आणता येते, त्यामुळे पाय हलवण्याची सवयच मोडली आहे. पण झूम करणे आणि चालत जवळ जाणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. झूमने दृश्याचा तुकडा मोठा होतो. जवळच्या आणि दूरच्या वस्तूंच्या आकारांतील प्रमाण बदलत नाही. ते प्रमाण, ज्याला यथादर्शन म्हणतात, केवळ कॅमेऱ्याच्या जागेवर अवलंबून असते. अगदी जवळून काढलेल्या चेहऱ्यात नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात, याचे कारण हेच. दोष बहुतेकदा लेन्सवर ढकलला जातो, प्रत्यक्षात तो अंतराचा असतो. चेहऱ्यासाठी दीड ते दोन मीटर मागे राहावे आणि मग हवा तेवढा झूम वापरावा. मोबाइलमध्ये दुसरी, लांब पल्ल्याची लेन्स असेल तर ती येथे कामी येते. नसेल, तर साधे चित्र काढून नंतर कडा कापल्या तरी चालते, कारण डिजिटल झूम मुळात तेच करत असतो.

कॅमेऱ्याची उंची हा तितकाच दुर्लक्षित विषय आहे. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवरून जग रोजच पाहिले जाते, म्हणून तेथून काढलेले चित्र ओळखीचे आणि बहुधा निरस वाटते. लहान मुलाचा फोटो काढताना जमिनीवर बसावे, त्याच्या डोळ्यांना आपली लेन्स समोरासमोर भिडू द्यावी; वरून काढलेल्या फोटोत मूल बुटके आणि डोके अवाजवी मोठे दिसते. प्राण्यांचेही असेच. मात्र खालून वर पाहत उंच इमारत टिपताना तिच्या उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात. ते नको असेल तर कॅमेरा न वाकवता सरळ धरावा आणि शक्य तितके मागे किंवा उंच जावे.

जागा ठरवताना पाहायची शेवटची गोष्ट म्हणजे पार्श्वभूमी. डोळ्यांना खोली कळते, म्हणून माणसामागचा खांब दूर आहे हे आपल्याला ठाऊक असते. सपाट चित्रात तोच खांब डोक्यातून उगवलेला दिसतो, आणि क्षितिजाची रेषा मानेतून आरपार गेलेली दिसते. उपाय फारच सोपा आहे: डावीकडे किंवा उजवीकडे एक पाऊल सरकावे, अथवा थोडे वाकावे. पार्श्वभूमी गजबजलेली असेल तर व्यक्तीला भिंतीपासून काही पावले पुढे आणावे, म्हणजे मागचे सारे आपोआप धूसर होऊ लागते.

चौकटीतून काय वगळावे

चित्रकार कोऱ्या कागदावर एकेक गोष्ट मांडत जातो, छायाचित्रकाराला मात्र भरलेल्या जगातून गोष्टी काढून टाकाव्या लागतात. बटण दाबण्यापूर्वी नजर एकदा चौकटीच्या चारही कडांवरून फिरवावी. आपले लक्ष मधल्या चेहऱ्यावर खिळलेले असते, त्यामुळे कोपऱ्यातली प्लास्टिकची पिशवी, कडेला अर्धवट कापली गेलेली परकी व्यक्ती किंवा वरून डोकावणारी फांदी नंतरच दिसते. या फेरीला दोन सेकंद लागतात. माझ्या अनुभवात इतक्या कमी कष्टात इतकी सुधारणा दुसऱ्या कोणत्याही सवयीने होत नाही.

चौकटीचे उभे-आडवे तीन समान भाग पाडून मुख्य विषय त्या रेषांवर किंवा त्यांच्या छेदांवर ठेवावा, हा तृतीयांशाचा नियम सर्वत्र सांगितला जातो. हे नाव जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली निसर्गचित्रांच्या संदर्भात वापरले होते, म्हणजे नियम छायाचित्रणाहूनही जुना आहे. नवशिक्याला तो उपयोगी पडतो, कारण प्रत्येक गोष्ट मधोमध ठेवण्याची खोड त्याने सुटते. पण तो नियम कुबडीसारखा आहे, पाय सशक्त झाल्यावर टाकून द्यावा. स्थिर पाण्यातले प्रतिबिंब, लांब मार्गिका, सरळ समोर रोखून पाहणारा चेहरा, अशा ठिकाणी मध्यभागच शोभतो. बाकी दोनतीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. व्यक्ती ज्या दिशेला पाहते किंवा चालते, त्या दिशेला मोकळी जागा अधिक असावी. क्षितिज आडवेच असावे, समुद्राचे तर नक्कीच. शरीर कापायचे झाल्यास मनगट, गुडघा, घोटा अशा सांध्यांवर कापू नये.

यंत्राच्या तीन किल्ल्या

आता कॅमेरा हातात घ्यावा. चित्र किती उजळ येणार हे तीन गोष्टींवर ठरते: लेन्समधील छिद्र किती उघडे आहे, शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा पडदा, किती वेळ उघडे राहते आणि आयएसओ, म्हणजे मिळालेला संकेत किती वाढवून दाखवायचा तो आकडा, किती आहे. प्रत्येक किल्ली फिरवली की चित्राचा उजळपणा तर बदलतोच, शिवाय दुसरेही काही बदलते, आणि निवड त्या दुसऱ्या परिणामाकडे पाहून करायची असते.

छिद्राला अ‍ॅपर्चर म्हणतात व ते एफ-आकड्यांत मोजतात. हा आकडा म्हणजे लेन्सची नाभीय लांबी (फोकल लेंग्थ, लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेला आकडा) भागिले छिद्राचा व्यास; ५० मिलिमीटरच्या लेन्सचे छिद्र २५ मिलिमीटर रुंद असेल तर तो एफ/२ झाला. म्हणूनच आकडा लहान तेव्हा छिद्र मोठे असते. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ ही मालिका विचित्र वाटते, पण प्रत्येक आकडा मागच्याच्या सुमारे १.४ पट आहे आणि दर पायरीला छिद्राचे क्षेत्रफळ, म्हणजेच उजेड, निम्मा होतो. अशा एका पायरीला स्टॉप म्हणतात. मोठ्या छिद्राने फोकसच्या पुढचा-मागचा भाग धूसर होतो, लहान छिद्राने दूरवरचे स्पष्ट येते. एका चेहऱ्यासाठी एफ/२ ते एफ/२.८, दोन ओळींत उभ्या समूहासाठी एफ/५.६ ते एफ/८, निसर्गदृश्यासाठी एफ/८ ते एफ/११ अशी सुरुवात करावी. बहुतेक मोबाइलमध्ये छिद्र स्थिर असते आणि पोर्ट्रेट मोडमधली धूसरता गणिताने निर्माण केलेली असते. केसांच्या कडांपाशी ते गणित अनेकदा चुकते, तेथे नजर ठेवावी.

शटरचे काम समजून घ्यायला १८३८ सालचे एक चित्र पुरेसे आहे. छायाचित्रणाचा एक आद्य शोधक लुई दागेर याने पॅरिसमधील एका वाहत्या रस्त्याचे चित्र खिडकीतून टिपले. चित्र उमटणाऱ्या त्याच्या पट्टीला काही मिनिटांचा उजेड लागत असल्याने धावत्या गाड्या आणि चालणारी माणसे यांची नोंदच झाली नाही. रस्ता ओस पडलेला दिसतो, आणि कोपऱ्यात बुटांना पॉलिश करून घेत एका जागी उभा राहिलेला एक माणूस तेवढा उमटला आहे. शटर आजही हेच करते, फक्त सेकंदाच्या अंशात. चालणाऱ्या माणसासाठी १/२५०, धावणाऱ्या मुलासाठी १/५००, वेगवान खेळांसाठी १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद वेग ठेवावा. दुसरी हालचाल आपल्या हाताची असते. जुना आडाखा असा की शटरचा वेग १ भागिले नाभीय लांबी याहून मंद नसावा, म्हणजे ५० मिलिमीटरच्या लेन्सला १/५० व २०० मिलिमीटरच्या लेन्सला १/२०० सेकंद. कॅमेऱ्यातला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चकती, लहान असेल तर त्याहून जलद. कॅमेऱ्यातील स्थिरीकरण हाताचा कंप सोसते, समोरच्या मुलाचे धावणे थांबवत नाही, हा भेद विसरल्याने बरेच फोटो वाया जातात. कोपर छातीशी टेकवावेत, जमल्यास भिंतीला रेलावे, श्वास सोडत असताना हलक्या बोटाने बटण दाबावे. तिपाई असेल तर दोन सेकंदांचा टायमर लावावा.

आयएसओ वाढवल्याने सेन्सरवर जास्त उजेड पडत नाही. मिळालेला संकेत तेवढा मोठा करून दाखवला जातो, आणि त्याबरोबर त्यातले दाणेही मोठे होतात. तरी दाणेदार पण स्पष्ट चित्र हे गुळगुळीत पण हललेल्या चित्रापेक्षा केव्हाही बरे, म्हणून आयएसओ वाढवायला भिऊ नये.

तिन्हींचा मेळ उदाहरणाने कळतो. खिडकीजवळच्या मुलासाठी एफ/२.८, १/१२५ सेकंद आणि आयएसओ ८०० हे योग्य ठरले असे समजू. ते मूल उठून धावू लागले, तर वेग १/५०० करावा लागतो, म्हणजे उजेड दोन स्टॉपने घटतो. तो भरून काढायला छिद्र एफ/१.४ पर्यंत उघडावे, पण मग फोकसची पट्टी इतकी अरुंद होते की धावत्या मुलाचे डोळे तीत सापडणे कठीण. त्यापेक्षा आयएसओ ३२०० करणे शहाणपणाचे. अशी देवाणघेवाण दहाबारा वेळा केली की आकडे पाठ करावे लागत नाहीत. बाहेरच्या स्वच्छ उन्हासाठी तर प्रकाशमापकाशिवायचा जुना आडाखा आहे: छिद्र एफ/१६ आणि शटरचा वेग १ भागिले आयएसओ, म्हणजे आयएसओ १०० असताना सुमारे १/१२५ सेकंद.

कॅमेऱ्याचा प्रकाशमापक एका बाबतीत भोळा असतो. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे तो साधारणपणे धरून चालतो. त्यामुळे बर्फ किंवा पांढरी भिंत करडी येते आणि काळे कुत्रेही करडेच येते. पांढऱ्या दृश्यासाठी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजळपणा मुद्दाम कमी-जास्त करण्याची सोय) एक ते दीड स्टॉप वाढवावे, काळ्यासाठी घटवावे. मोबाइलवर विषयाला बोट लावून शेजारी येणारी सूर्याची खूण वर-खाली सरकवली की हेच होते. डिजिटल चित्रात पूर्ण पांढरा झालेला भाग पुन्हा मिळवता येत नाही, सावलीतला तपशील मात्र बराचसा काढता येतो. म्हणून शंका असेल तेव्हा थोडे कमी उजळ घ्यावे आणि हिस्टोग्रामचा, म्हणजे चित्रातील गडद-उजळ भागांचे प्रमाण दाखवणारा, आलेख उजव्या, उजळ कडेला चिकटलेला नाही ना, हे पाहावे.

फोकस माणसाच्या डोळ्यावर, आणि चेहरा वळलेला असेल तर कॅमेऱ्याला जवळ असलेल्या डोळ्यावर साधावा. आणि हो, लेन्स पुसावी. मी एकदा महिनाभर माझ्या मोबाइलच्या कॅमेऱ्याला दोष देत होतो की प्रत्येक दिव्याभोवती धुके येते. शेवटी लेन्सवर माझ्याच अंगठ्याचा तेलकट ठसा निघाला.

टिपल्यानंतर

संपादनात आवर घालण्याची कला मोठी आहे. क्षितिज सरळ करणे, कडा छाटणे, उजळपणा व रंग किंचित दुरुस्त करणे एवढे बहुतेक चित्रांना पुरते. आकाश निळेशार आणि त्वचा मेणासारखी करणाऱ्या सरकपट्ट्या (स्लायडर) थोड्या मागेच ठेवाव्यात. मोठ्या दुरुस्त्या करायच्या असतील तर रॉ स्वरूपात, म्हणजे सेन्सरची नोंद जवळपास जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमध्ये, टिपावे. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पातळ्या असतात, ८ बिटच्या जेपेगमध्ये केवळ २५६. मूळ फाइल कधीही पुसू नये, आणि निवड त्याच दिवशी न करता दुसऱ्या दिवशी करावी, कारण टिपतानाचा उत्साह तोवर ओसरलेला असतो.

सरावासाठी जुन्या फिल्मच्या रोलची मर्यादा स्वतःवर घालून घ्यावी. एका रोलवर साधारण ३६ चित्रे मावत असत. एक दिवस ठरवून ३६ च फोटो काढावेत आणि शेवटचा काढून होईपर्यंत पडद्यावर एकही पाहू नये. दुसऱ्या दिवशी त्यांतले तीन निवडावेत, उरलेल्या ३३ पैकी प्रत्येकापुढे तो का नाकारला हे एकाच शब्दात लिहावे: उजेड, जागा, चौकट, वेग, फोकस. यादीत जो शब्द सर्वांत जास्त वेळा येईल, त्यावर पुढचा आठवडा खर्च करावा.